मोटारीतला अबोला



वसंतातल्या या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानावर, इतिहासावर आणि राज्यकारभारावर अधिकारी माणसे बोलतात, आणि आपण ती आवडीने ऐकता. अशा व्यासपीठावर एका गॅरेजवाल्याला आणून उभे करणे हे मालेच्या चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. ‘चालक’ हा शब्द आमच्या धंद्यात निराळ्या अर्थाने वापरतात. पण कोणत्याही अर्थी घेतला तरी चालकाने धाडस बेताने करावे असे आमचे मत आहे. तथापि बोलावणे आले, आणि विषयही त्यांनीच सुचविला: हायब्रिड मोटारीतील संगणकांमध्ये बेबनाव झाला तर तो कसा शोधावा? विषय कारखान्यातला आहे, पण त्याचा दंड घरातल्या पैशाला बसतो. म्हणून तो आपल्यापुढे मांडणे अगदीच अप्रस्तुत होणार नाही.

आपल्यापैकी काहींच्या दारात अशा गाड्या आल्याही असतील. जपानात टोयोटाने ‘प्रियस’ ही गाडी १९९७ च्या डिसेंबरात विक्रीस काढली, आणि २०१० साली ती आपल्या देशातही मिळू लागली. परंतु मध्यमवर्गीयाच्या अंगणापर्यंत हा प्रकार पोहोचला तो २०२२ नंतर. त्या एका वर्षात होंडाची सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस अशा तीन गाड्या हायब्रिड रूपात बाहेर पडल्या. पेट्रोल कमी लागते म्हणून लोकांनी त्या आनंदाने घेतल्या. गाडी चालते तोवर आनंदच असतो. मात्र एखाद्या सकाळी ती ‘तयार आहे’ असे सांगणारा दिवा लावीतच नाही, गॅरेजात स्कॅनर लावला की त्यावर ‘इंजिनाच्या संगणकाशी संपर्क तुटला’ अशा अर्थाचा सांकेतिक क्रमांक उमटतो, आणि मिस्त्री गंभीर चेहरा करून सांगतो, “साहेब, संगणक गेला.” संगणक खरोखरच गेला की नुसताच गप्प बसला, हा आजचा आमचा विषय.

प्रथम हायब्रिड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. साध्या मोटारीत इंजिन हा घरचा कर्ता पुरुष असतो. किल्ली फिरविली की स्टार्टर त्याला उठवितो, आणि मग सारी गाडी त्याच्या जोरावर चालते. हायब्रिड गाडीत मात्र कर्ता पुरुष एक नसतो. तेथे इंजिन आहे आणि विजेच्या मोटारीही आहेत. प्रियसच्या दुसऱ्या पिढीचे, म्हणजे २००३ साली आलेल्या गाडीचे, उदाहरण घेऊ. तिच्यात सुमारे दीड लिटरचे इंजिन असून विजेची दोन यंत्रे आहेत. ही तिन्ही एका दातेरी चक्रांच्या संचाने अशी जोडलेली आहेत की एकाचा वेग बदलला की बाकीच्यांना त्याचा हिशेब ठेवावाच लागतो. निराळा स्टार्टर तिला नाहीच. इंजिन सुरू करायचे झाले की त्या दोहोंपैकी एक विद्युत्‌यंत्र त्याला मिनिटाला सुमारे हजार फेऱ्यांपर्यंत फिरविते, आणि मग पेट्रोल सोडले जाते.

हे सारे ठरवितो कोण? हायब्रिड व्यवस्थेचा एक मुख्य संगणक असतो. आपण पाय दाबला की किती जोर हवा हे तो पाहतो. त्यातला किती इंजिनाने द्यावा आणि किती विजेने, याची वाटणी करतो आणि इंजिनाच्या संगणकाला तसा निरोप धाडतो. इंजिनाचा संगणक तो निरोप पाळतो आणि ‘आता माझे फेरे इतके, माझी उष्णता इतकी’ असे उलट कळवितो. मोठ्या बॅटरीचा संगणक निराळा, ब्रेकचा निराळा. म्हणजे एका गाडीत एकत्र कुटुंब नांदते आहे म्हणा ना. अशा कुटुंबात एखाद्याने अबोला धरला तर काय होते हे आपणांस आम्ही सांगायला नको.

इंजिनाचा संगणक बोलेनासा झाला की मुख्य संगणकाला इंजिनावर भरवसा ठेवता येत नाही. तो इंजिन बाजूला ठेवतो आणि जमल्यास गाडी विजेवर थोडी पुढे नेतो. ही वीज फार नसते. वर सांगितलेल्या प्रियसची मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची आणि साडेसहा अँपिअर-तासांची. म्हणजे तिच्यात सारी मिळून आपल्या घरच्या मीटरवरची जेमतेम १.३ युनिट वीज मावते, आणि तीही सगळी वापरायला मिळत नाही. सपाट रस्त्यावर कडेचे गाव गाठता येईल. घाटात तेवढेही नाही. तेव्हा हा अबोला केवळ खर्चाचा प्रश्न नसतो. कोठे आणि केव्हा गाडी थांबेल हे त्यावर ठरते.

आता हे संगणक एकमेकांशी बोलतात कसे ते पाहू. पूर्वी प्रत्येक कामाला निराळी तार असे. गाडीत यंत्रे वाढली तशा तारा वाढल्या आणि त्यांचे जुडगे मनगटाएवढे झाले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ साली यावर काम सुरू केले आणि १९८६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी आपली नवी पद्धत जाहीर केली. तिला ‘कॅन’ म्हणतात. तिची कल्पना मोठी सुरेख आहे. सर्व संगणकांना मिळून दोनच तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या. ज्याला बोलायचे त्याने त्या तारांवर बोलावे, सर्वांनी ऐकावे, ज्याच्या कामाचे असेल त्याने घ्यावे. आपल्या गावच्या चावडीवर दवंडी देत असत, तसाच हा प्रकार.

चावडीवर दोघे एकदम बोलू लागले तर गोंधळ होतो. येथे तो होत नाही. प्रत्येक निरोपाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो, आणि लहान क्रमांकाचा मान मोठा. दोघांनी एकदम सुरुवात केली तर मोठ्या क्रमांकाच्या निरोपवाल्याला मध्येच कळते की आपल्यापेक्षा मानाचा निरोप चालला आहे; तो तेथेच थांबतो आणि मग पुन्हा प्रयत्न करतो. पहिल्याचा निरोप मुळीच बिघडत नाही. आमच्या सार्वजनिक सभांतूनही हा नियम लागू झाला तर किती वेळ वाचेल! या तारांवर सेकंदाला पाच लाख खुणा जाऊ शकतात. पुऱ्या मापाचा एक निरोप सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागात पोहोचतो. तारखात्याची तार २०१३ साली बंद झाली, पण कट्ट-कडकट्टची ती विद्या आपल्या गाडीच्या पोटात अशी जिवंत आहे.

दोन तारा कशासाठी, एक का नको, असा प्रश्न चाणाक्ष श्रोत्याच्या मनात येईल. कोणी बोलत नसताना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. खूण करायची झाली की एक तार साडेतीनवर चढते आणि दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा फक्त दोहोंतला फरक पाहतो. बाहेरून विजेचा काही उपद्रव झाला तर तो पीळ घातलेल्या दोन्ही तारांना सारखाच होतो, आणि फरक होता तेवढाच राहतो. दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध बसविलेला असतो. तो नसेल तर विहिरीत हाक मारल्यावर जसा प्रतिध्वनी येतो तशी खूण टोकावर आपटून परत येईल आणि मागून येणाऱ्या खुणांत मिसळेल. हे दोन आकडे, अडीच व्होल्ट आणि १२० ओहम, कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला त्यांचेच काम आहे.

आणखी एक गोष्ट या पद्धतीत आम्हांला फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक संगणक आपल्या चुकांची मोजदाद स्वतः ठेवतो. निरोप धाडताना चूक झाली की त्याच्या खात्यावर आठ गुण चढतात, निरोप नीट गेला की एक उतरतो. खाते २५५ च्या वर गेले की तो आपण होऊन सभेतून उठून जातो, म्हणजे इतरांचे बोलणे आपल्यामुळे बिघडू नये. तेव्हा एखादा संगणक गप्प असला तर तो मेला असेलच असे नाही. तो उठून गेला असेल, त्याचा रस्ता तुटला असेल, किंवा त्याच्या पोटात अन्नच नसेल.

हे शेवटचे वाक्य आमचे नव्हे. ते आम्ही एका माणसाकडून शिकलो, आणि त्यासाठी त्यालाच दंड भरावा लागला. ती हकिकत सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आपली गाडी घेऊन आले. गाडी जुनी घेतलेली, हायब्रिड. घरात पत्नीचे मूत्रपिंडाचे दुखणे. आठवड्यातून तीन वेळा चाळीस किलोमीटरवरच्या शहरात डायलिसिसला न्यावे लागे. वाटेत एक लहानसा घाट. गाडी कधीकधी सकाळी ‘तयार’चा दिवा लावीत नाही, अशी गुरुजींची तक्रार होती. आम्ही स्कॅनर लावला. मुख्य संगणकाने साक्ष दिली: यू-०१००, इंजिनाच्या संगणकाशी संपर्क तुटला. आम्ही मीटर घेतला, इंजिनाच्या संगणकाला वीज पोहोचते का ते पाहिले, पोहोचत होती. अर्थिंगची तार तपासली. मीटर म्हणाला, ठीक आहे. मग आम्ही निवाडा दिला की संगणक गेला. नवा मागविला, किल्लीची ओळख त्याला पटवून दिली, बसविला. गाडी सुरू झाली. गुरुजींच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक रक्कम झाली. त्यांनी ती एका पाकिटातून मोजून दिली, आणि आम्ही ती घेतली.

आठव्या दिवशी, पावसात, त्याच घाटात गाडी उभी राहिली. तोच क्रमांक, तोच अबोला. मागच्या आसनावर आजारी पत्नी. दुधाच्या एका टेम्पोवाल्याने त्यांना शहरात पोहोचविले. उपचाराला अर्धा दिवस उशीर झाला. बाई त्यातून निभावल्या, हे आमचे नशीब. संध्याकाळी गुरुजी आमच्याकडे आले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, “अहो, माझ्या वर्गातही एखादा मुलगा उत्तर देत नसे. त्याला ढ ठरवण्याआधी आम्ही विचारायचो, बाळ, सकाळी काही खाल्लंस का? तुम्ही याला विचारलंत का?”

आम्ही त्या रात्री गाडी पुन्हा उघडली, आणि या वेळी पहिल्यापासून, काहीही गृहीत न धरता. तेव्हा सापडले ते असे. मागच्या मालकाच्या हातून गाडी पुढून ठोकली गेली होती. पत्रा सरळ करून रंग दिला तेव्हा इंजिनाच्या संगणकाची अर्थिंगची तार ज्या बोल्टाखाली बसते तेथेही रंग गेला. बोल्ट रंगावर कसला गेला. रंगाखाली हळूहळू गंज धरला. मीटरने नुसते मोजले तेव्हा मीटरचा सूक्ष्म प्रवाह त्या गंजातून निभावून जात होता, म्हणून आकडा चांगला आला. पण संगणक कामाला लागला आणि खरा प्रवाह मागू लागला की तेथेच अडत होता. संगणक चालू ठेवून अर्थिंगच्या पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत व्होल्ट मोजले. एक दशांश व्होल्टच्या आत असायला हवे होते. एकाहून अधिक निघाले. नवा संगणक बसविताना तारांचा जुडगा हलला, बोल्ट किंचित फिरला, म्हणून आठ दिवस बरे गेले होते. रोगी बरा झाला तो औषधाने नव्हे, कूस बदलली म्हणून! आम्ही रंग आणि गंज खरडून काढला, बोल्ट कसला. खर्च शून्य. गुरुजींचे पैसे दुसऱ्या दिवशी परत केले. त्यांचा जुना संगणक तपासला तर तो धडधाकट होता. तो आज आमच्या टेबलावर असतो, आणि नवा मुलगा कामाला आला की आम्ही त्याला आधी तो दाखवितो.

आमची चूक कोठे झाली? आम्ही तक्रारीला निवाडा समजलो. ‘यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक हा दळणवळणाचा असतो, आणि तो देणारा बहुधा दुसराच कोणीतरी असतो. मुख्य संगणक म्हणाला, ‘इंजिनाचा संगणक मला ऐकू येत नाही.’ यात ‘तो बिघडला आहे’ असे कोठे आले? शेजाऱ्याच्या घरातून आवाज येत नाही एवढ्यावरून आपण मर्तिकाची तयारी करीत नाही. आधी दार ठोठावतो. ऐकू येत नाही याची कारणे पुष्कळ: बोलणारा उपाशी, वाट तुटलेली, तिसराच कोणी वाट अडवून बसलेला, आणि सर्वांत शेवटी, बोलणारा खरोखरच मेलेला.

तेव्हा शोधाचा क्रम कसा असावा ते सांगतो.

पहिली पायरी डिकीतली वा बोनेटखालची लहान बॅटरी, नेहमीची १२ व्होल्टची. ‘एवढी मोठी बॅटरी असताना ही कशाला?’ असे लोक विचारतात. सर्व संगणक हिच्यावर जागे होतात, आणि मोठ्या बॅटरीची वाट उघडणारे रिलेही हिच्याच जोरावर लागतात. साध्या गाडीत बॅटरी उतरली की स्टार्टर कुरकुरतो आणि मालकाला कळते. हायब्रिडमध्ये कुरकुरायला स्टार्टर नाही. बॅटरी निमूटपणे म्हातारी होते, आणि मग एके दिवशी संगणक अर्धवट जागे होऊन परस्परांविरुद्ध वाटेल त्या तक्रारी नोंदवितात. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांनी आम्हांला हे चांगले शिकविले. स्वस्थ बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; गाडी ‘तयार’ असताना १४ च्या आसपास. हे नसेल तर पुढे जाऊ नये. आधी बॅटरी पाहावी.

दुसरी पायरी: क्रमांक पुसण्यापूर्वी सर्व संगणकांची साक्ष लिहून घ्यावी. एकट्या मुख्य संगणकाची नव्हे. बॅटरीच्या संगणकाची, ब्रेकच्या संगणकाची, सर्वांची. कोण कोणाविरुद्ध तक्रार करतो, आणि स्कॅनरला कोण उत्तर देतो, कोण देत नाही, याचा कागदावर तक्ता मांडावा. सगळे एकाच इंजिनाच्या संगणकाविरुद्ध बोलत असतील आणि बाकी साऱ्यांचे आपसात बरे चालले असेल, तर दोष त्याच्या अन्नात, त्याच्या घराच्या गल्लीत किंवा त्याच्यात. सगळेच गप्प असतील तर दोष हमरस्त्यावर. सगळे आता बोलत आहेत, पण जुनी तक्रार नोंदलेली आहे, असे असेल तर दोष येऊन-जाऊन राहणारा: सैल कनेक्टर, उतरलेली बॅटरी, किंवा आमच्या हकिकतीतला बोल्ट. पुष्कळ मिस्त्री आधी क्रमांक पुसतात आणि मग विचार करतात. साक्षीदाराला हाकलून दिल्यावर खटला कसा चालवायचा?

तिसरी पायरी हमरस्त्याची. चालकाच्या गुडघ्यापाशी सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यातली सहावी आणि चौदावी पिन म्हणजे त्या दोन तारा. बहुतेक गाड्यांत त्या थेट या रस्त्याला लागतात, आणि जेथे मध्ये दुसरा संगणक बसविलेला असतो तेथे गाडीची पुस्तिका पाहून योग्य जागी मोजावे. गाडी बंद करावी, लहान बॅटरीचे ऋण टोक सोडावे, आणि दोन तारांमधला रोध मोजावा. १२० ओहमचे दोन रोध शेजारी शेजारी जोडले की मिळून निम्मे, म्हणजे ६० होतात. तेव्हा मीटरने ६० च्या आसपास दाखविले तर हमरस्ता टोकापासून टोकापर्यंत शाबूत आहे. १२० दाखविले तर कोठेतरी रस्ता तुटून एक टोक हरवले आहे. शून्याजवळ दाखविले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. वीज चालू ठेवून मात्र हे मोजू नये. मीटर काहीतरी सांगेल आणि आपण ते खरे मानू.

चौथी पायरी: बॅटरी जोडून, गाडी जागी करून त्या दोन पिनांवरचे व्होल्ट पाहावे. साध्या मीटरला क्षणाक्षणाची खूण दिसत नाही, त्याला सरासरी दिसते. म्हणून एका तारेवर अडीचाहून किंचित अधिक आणि दुसरीवर किंचित कमी दिसावे. एखादी तार शून्यावर बसली असेल तर ती पत्र्याला लागली आहे. बारावर असेल तर बॅटरीच्या तारेला. अशा वेळी एकेक संगणकाचा कनेक्टर काढीत जावे. जो काढताच बाकीचे बोलू लागतील, त्याच्याकडे किंवा त्याच्या गल्लीकडे बोट दाखवावे. येथे उंदीरमामांची आठवण ठेवावी. आमच्याकडे पावसाळ्यात उबेला ते बोनेटखाली येतात आणि तारा कुरतडतात. नंतर बसविलेला गाण्याचा संच, चोरघंटा आणि तिच्यासाठी सोलून जोडलेल्या तारा, यांचाही मान उंदरांच्या खालोखाल आहे.

पाचवी पायरी गुरुजींची: अन्नाची. गप्प असलेल्या संगणकाचे फ्यूज, रिले, विजेच्या तारा आणि अर्थिंग, हे सारे काम चालू असताना, भार देऊन तपासावे. रिकाम्या पोटी तपासलेली अर्थिंग फसविते, हे आम्ही सांगितलेच. संगणक आपल्या सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवितो. एखादा सेन्सर आतल्या आत जळून ते पाच व्होल्ट जमिनीत ओढू लागला तर काही गाड्यांत संगणकच आडवा होतो. सेन्सर एकेक करून काढला की तो डोळे उघडतो. कनेक्टर उघडून पाहावा: हिरवट थर म्हणजे पाणी गेले आहे. तारेच्या इन्शुलेशनला सुई टोचून मोजू नये. ते भोक लहान असते, पण पुढच्या पावसाळ्याला पुरेसे असते. तार जोडावी लागली तर तिचा पीळ शक्य तितका राखून जोडावी.

इतके सारे निर्दोष निघाले आणि तरीही संगणक बोलला नाही, तरच, आणि तरच, ‘संगणक गेला’ हे शब्द उच्चारावेत. जातो कधीकधी. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत तर खात्रीने जाऊ शकतो. पण तो यादीतला शेवटचा आरोपी आहे, पहिला नव्हे. आणि तोच सर्वांत महाग असल्यामुळे त्याला पहिला करण्याचा मोह होतो, हे आमच्या धंद्याचे मर्म आपल्यापासून लपविण्यात अर्थ नाही.

एक इशारा दिल्यावाचून पुढे जाववत नाही. हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील. त्यांना हात लावू नये. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्टचे पुढे ५०० व्होल्टपर्यंत वाढविलेले असतात, आणि ते माणसाला दुसरी संधी देत नाहीत. ज्याला तेथे काम करायचे आहे त्याने रीतसर शिक्षण घ्यावे, विद्युत्‌रोधक हातमोजे घालावेत, सर्व्हिस प्लग काढावा आणि आत साठलेली वीज ओसरेपर्यंत निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. आपण सांगितलेल्या तपासण्या बाराच व्होल्टच्या बाजूच्या आहेत. तरीही बोनेट उघडताना गाडी ‘तयार’ अवस्थेत नाही याची खात्री करावी आणि किल्ली दूर ठेवावी. नाहीतर शांत उभी असलेली गाडी विचारल्याशिवाय इंजिन सुरू करते.

आता आपल्यापैकी बहुसंख्यांना मीटर हातात धरायचा नाही, हे आम्ही जाणतो. मग या व्याख्यानाचा आपणांस उपयोग काय? उपयोग इतकाच की गॅरेजात ‘संगणक गेला’ असे ऐकताच आपण चार प्रश्न विचारावेत. लहान बॅटरी किती व्होल्ट दाखविते? सर्व संगणकांच्या तक्रारी लिहून घेतल्या का, आणि तो कागद आम्हांला दाखवाल का? दोन तारांमधला रोध किती आला? वीज आणि अर्थिंग भार देऊन तपासली का? चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात. तो आपणांस चहा पाजील आणि कागद दाखवील. ज्याला राग येईल त्याच्याकडून संगणक विकत घेण्यापूर्वी एक रात्र विचार करावा.

गुरुजी अजून आमच्याकडे येतात. गाडी तीच आहे. त्यांची पत्नी मागच्या वर्षी गेली; गाडीमुळे नव्हे, दुखण्याने. तरीही घाटातल्या त्या अर्ध्या दिवसाचा हिशेब आमच्या मनात कायमचा राहिला आहे. पैसे परत करता आले. तो अर्धा दिवस परत करता आला नाही. दुरुस्तीच्या धंद्यात घाईने दिलेल्या निवाड्याची किंमत निवाडा देणारा क्वचितच भरतो, ती दुसराच कोणी भरतो. म्हणून आमच्या गॅरेजात आता नियम आहे: जो गप्प आहे त्याला दोषी म्हणायचे नाही, तो जेवला का आणि त्याची वाट मोकळी आहे का हे पाहिल्यावाचून.

हा नियम मोटारीपुरता आहे. तो आणखी कोठे लागू पडतो की काय, याचा विचार आपण घरी जाऊन करावा. आमचे शिक्षण तेवढे नाही.